पीआरची नोकरी आणि पुराचं काम, दोन्ही एकाच आयुष्यात बसतं का?

कुपवाडची_लेक

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

मी कुपवाडची. वडील एमआयडीसीत टर्नर आहेत, आई घरी शिवणकाम करते. कोल्हापूरला विद्यापीठात पत्रकारितेत एम.ए. केलं. आता हातात दोन नोकऱ्या आहेत. एक पुण्यात, पीआर म्हणजे जनसंपर्काच्या एजन्सीत. क्लायंट बहुतेक आयटी आणि बिल्डर. पगार चांगला. दुसरी सांगलीजवळच्या एका अन्नप्रक्रिया कंपनीत, पदाचं नाव 'कम्युनिकेशन आणि सीएसआर एक्झिक्युटिव्ह'. सीएसआर म्हणजे कंपनीने करायचं समाजकार्य. पगार बराच कमी, पण घरून जाऊन-येऊन करता येईल.

माझी अडचण वेगळी आहे. २०१९च्या पुरात मी बारावीत होते. मिरजेच्या एका शाळेत छावणी होती, तिथे नावनोंदणीच्या टेबलावर बसले आणि तेव्हापासून हे काम सुटलं नाही. २०२१ला परत पाणी आलं तेव्हा आमचा छोटा गट तयारच होता. आता दर रविवारी आम्ही सांगलीवाडीत मुलांचा अभ्यास घेतो, आणि पावसाळ्याआधी पूरपट्ट्यातल्या घरांची यादी करतो. कुठल्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाच्या दावणीला किती जनावरं, कुणाचं औषध चुकवून चालत नाही.

मैत्रिणी म्हणतात, पीआर म्हणजे पगार घेऊन खोटं बोलायचं काम, तुला जमणार नाही. आत्या म्हणते, आधी नोकरीत जम बसव, समाजकार्य रिटायर झाल्यावर कर. मला दोन्ही पटत नाही, पण उलट उत्तरही देता येत नाही. या क्षेत्रात आयुष्य काढलेलं कुणी असेल तर कृपया लिहा.

गावभागकर

पोरी, तुझं वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

मी नव्वदच्या दशकात सांगलीतून पुण्याला गेले. एका इंजिनिअरिंग कंपनीच्या जनसंपर्क खात्यात मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग येतं म्हणून मला घेतलं होतं. तिथून रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात जनसंपर्क अधिकारी झाले, आणि पुढची बरीच वर्षं मुंबईच्या मुख्य कार्यालयात कॉर्पोरेट कम्युनिकेशनचं खातं सांभाळलं. आईच्या आजारपणात गावी आले ती इथेच राहिले. या सगळ्या काळात रक्तदान शिबिरं, वस्तीतल्या अभ्यासिका, आणि कृष्णेला पाणी चढलं की पुराचं काम, हे चालूच होतं. तेव्हा बसतं का, तर बसतं. कसं बसवायचं ते मात्र नीट सांगते.

आधी ते खोटं बोलण्याचं. रायगडच्या आमच्या कारखान्याच्या कुंपणाला लागून एक गाव होतं. कंपनीने तिथल्या बचतगटाला शिलाई मशिनी दिल्या होत्या, म्हणून त्यांच्या बैठकीला मी जायची. एकदा एक बाई उठून म्हणाली, "ताई, मशिनी दिल्या ते बरं झालं. पण रात्री दोनच्या सुमाराला वास येतो, पोरं खोकत उठतात, तो वास कशाचा?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्लांटवर विचारलं तर सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. गावाला काय सांगायचं ते आम्ही बघू, तुम्ही मशिनींचा फोटो पेपरात आला का ते बघा. मी त्या बाईचा प्रश्न तारीख-वेळेसकट कागदावर उतरवला, आणखी कुणाकुणाला वास आला ते घरोघरी विचारून त्याला जोडलं, आणि एमडींच्या सोमवारच्या बैठकीत ठेवला. खूप बोलणी बसली. पण स्क्रबरची, म्हणजे बाहेर पडणारा वायू धुऊन काढणाऱ्या यंत्राची, दुरुस्ती निघाली, आणि पुढच्या ग्रामसभेत कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः उभं राहून सांगितलं की आत कोणता वायू वापरतात, तो किती धोक्याचा, आणि सायरन वाजला तर वाऱ्याची दिशा बघून कुठल्या बाजूला जायचं. याची पेपरात एक ओळ आली नाही. माझ्या सबंध नोकरीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे काम.

हे एवढं सविस्तर का सांगते? भोपाळला १९८४च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, तेव्हा कारखान्याला खेटून राहणाऱ्यांना आत काय साठवलंय याची कल्पना नव्हती. ओलं फडकं तोंडावर धरा, एवढी साधी गोष्टही त्यांना आधी कुणी सांगून ठेवलेली नव्हती. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम ४१-बी आलं. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि आसपासच्या लोकांनाही धोका काय आणि उपाय काय हे सांगितलंच पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली, पण कंपनीच्या माणसाने शेजाऱ्याला खरं सांगणं हे तेव्हापासून कायद्याचं कर्तव्य आहे. पीआरला खोटेपणाचं काम म्हणणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना हे कलम दाखव. खोटं बोलणारे या धंद्यात आहेत, मी पाहिलेत. पण खोट्यावर चाललेलं खातं पहिल्या अपघातात उघडं पडतं, कारण त्या दिवशी गाव तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

आता सीएसआर, कारण दुसऱ्या नोकरीत तुझा निम्मा वेळ त्यातच जाणार. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. निव्वळ संपत्ती ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी पायरी ओलांडली तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भल्याचा खर्च यात धरत नाहीत. जाहिरातीचा फायदा व्हावा म्हणून दिलेली स्पॉन्सरशिपही धरत नाहीत. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे, कर्मचाऱ्यांनी केलेल्या श्रमदानाचे तास पैशात मोजून या खर्चात दाखवता येत नाहीत. म्हणजे कंपनी तुझा रविवार आपल्या हिशोबात ओढू शकत नाही. हे तोंडपाठ ठेव, कारण कधीतरी कुणीतरी तुला तसं सुचवेलच.

म्हणून माझा पहिल्यापासूनचा नेम: पुराचं काम माझ्या नावावर, माझ्या रजेवर, माझ्या कपड्यांत. कंपनीचा ट्रक आला तर ट्रकवर कंपनीचा फलक असू दे, त्यात काही वावगं नाही. पण मी रजेवर असताना कंपनीचा टी-शर्ट घातला नाही आणि माझ्या कामाची प्रेसनोट काढू दिली नाही. छातीवर कंपनीचं नाव दिसलं की माणसं मागण्या सांगतात, अडचणी सांगत नाहीत.

कसब मात्र इकडून तिकडे मनसोक्त ने. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतील. रस्ते बंद म्हणून मी मुंबईतच अडकले होते. इकडे फोनवर अफवांचा नुसता पाऊस, कोयनेचं असं झालं, आलमट्टीचं तसं झालं, अमुक गल्लीत छातीएवढं पाणी आलं. कारखान्यात अपघात झाला की पहिल्या तासात कसा निरोप काढायचा हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं होतं, तेच मी आमच्या गल्लीच्या ग्रुपसाठी केलं. चार ओळी. किती वाजता पाणी किती फूट आणि हे कुणी सांगितलं. कुठला रस्ता बंद. कुठल्या छावणीत जागा आहे. आणि पुढचा निरोप किती वाजता येईल. ही चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. पुढचा निरोप आठ वाजता येणार हे कळलं की माणूस आठपर्यंत अफवा पुढे पाठवायचं थांबतो. पाणी उतरल्यावर जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडायला लागले, तेव्हाही असंच एक पत्रक काढलं: कपडे नकोत, नव्या चादरी, खराटे, फिनेल, टॉर्च, सॅनिटरी पॅड पाठवा. पुढच्या गाड्यांतला माल बदलला.

आणि उलटही. तुझी ती पूरपट्ट्यातल्या घरांची यादी मुलाखतीला घेऊन जा, घरांची नावं झाकून. कुठल्याही एजन्सीतल्या दोन वर्षांच्या कामापेक्षा ती वजनदार आहे. एखादी वस्ती कशी ओळखायची हे ज्याला कळतं तोच कंपनीला तिथे नीट उभं करू शकतो.

माझा सल्ला सरळ आहे. सांगलीची नोकरी घे. एजन्सीत वेग शिकायला मिळतो, पत्रकारांच्या ओळखी होतात, ते खोटं नाही. पण तिथे पहिली काही वर्षं कात्रणं मोजण्यात जातात. आमच्या काळी पट्टी घेऊन बातमीचे सेंटिमीटर मोजायचे आणि तेवढ्या जागेचा जाहिरातीचा दर लावून कंपनीला सांगायचं, बघा इतक्या लाखांची प्रसिद्धी. २०१० साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या जगभरच्या मंडळींनी ठरवलं की हा आकडा म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे. तरी तो अजून अनेक अहवालांत सापडतो. तू कारखान्याच्या गेटवर शीक. फक्त एक गोष्ट आधी काढून घे: तुझा वरिष्ठ कोण असणार?

वाळवा_तालुका

गावभागकर ताईंनी मोलाचं सांगितलंय. मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आमचं एक लहान मंडळ आहे, नदीकाठच्या गावांत काम करतो. कंपन्यांचे सीएसआरवाले आमच्याकडं येतात, त्यावरून दोन शब्द.

१ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. त्याआधी संस्थेची नोंदणी, आयकर खात्याकडची १२-ए आणि ८०-जी, ऑडिट हे सगळं आलंच. आमच्यासारख्या गावातल्या मंडळांची तिथंच दमछाक होते. काम खरं असतं, कागद नसतो. ज्या बाईंनी आम्हाला हे कागद करायला शिकवलं त्या एका कंपनीच्या पीआरओच होत्या. शनिवारी स्वतःच्या गाडीनं यायच्या, फायली घेऊन ओट्यावर बसायच्या. त्यांनी आम्हाला दिलेल्या कुठल्याही चेकपेक्षा ते मोठं होतं.

आणि एक विनंती. तू त्या खुर्चीत बसलीस तर संस्थांना मे-जूनमध्ये बोलव. फेब्रुवारी संपता संपता फोन येतो, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचाय, काय घेताय बोला. मग जिथं संडासाची गरज आहे तिथं संगणक येतात. चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या ३ वर्षांत वापरायची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी प्रकल्प आधी नीट आखलेला लागतो. ते आखणं तुझ्यासारखीला जमंल. जिनं घरोघरी जाऊन जनावरं मोजली, तिला गावाला काय लागतं ते विचारायची लाज वाटणार नाही.

साताऱ्याचा_वार्ताहर

तालुका पानावर बरीच वर्षं काढलीत, म्हणून बातमीच्या टोकाकडून सांगतो.

प्रेसनोट दुपारी चारच्या आत पाठवा. रात्री आठला आलेली नोट पान लागल्यावर येते, मग ती छापली नाही म्हणून फोन. फोटोखाली नावं डावीकडून क्रमाने, आडनावांसकट, गावाचं नाव आणि तालुका बरोबर. पहिल्या ओळीत काय घडलं ते, कंपनीच्या अध्यक्षांची पदवी नव्हे. आणि मदत घेणाऱ्याच्या हातात किट देतानाचा फोटो पाठवू नका. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच गावात वावरायचं असतं. आमच्याकडे एका कंपनीच्या बाई नेहमी पूर्ण झालेल्या कामाचा फोटो पाठवतात, बंधाऱ्यात पाणी, वर्गात मुलं. त्यांची नोट मी कधी बाजूला ठेवली नाही.

तुम्ही दोनच वाटा लिहिल्यात, तिसरीही आहे. आमच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी माणदेशी महिला बँक उभी केली. आधीचा अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली बँक सुरू झाली. आज देशभर माणदेशीचं नाव आहे. ते कामामुळे झालं, हे तर आहेच. पण ती गोष्ट साध्या भाषेत पुन्हा पुन्हा जगासमोर मांडली गेली, हेही आहे. अशा संस्थांनाही नीट लिहिणारी, बोलणारी माणसं हवी असतात, आणि आता ती पगारी असतात. पाच वर्षं कंपनीत शिकून मग तिकडे जाणाऱ्या मुली मी पाहिल्यात.

कुपवाडची_लेक

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. वडिलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ४१-बी ऐकून म्हणाले, आमच्या शॉपमध्येही हे कुणी सांगितलं तर बरं होईल.

काकू, दोन शंका. एक, माझ्या वर्गातली मुलं म्हणतात सांगलीत बसून पीआर काय शिकणार, ते मुंबई-पुण्याचं काम. दुसरी घरातली. लग्नाचं बघतायत. रात्री पत्रकारांचे फोन, प्लांटवर सगळे पुरुष, रविवारी वस्तीत. आईला वाटतं सासरचे कसं चालवून घेतील. तुम्ही कसं केलंत?

गावभागकर

पहिल्याचं उत्तर तुझ्या घरापासून रेल्वेने जवळ आहे. किर्लोस्करवाडी. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना नेला. पुढे लोखंडी नांगर खेडोपाडी जायला लागले, तेव्हा गिऱ्हाइकांशी बोलायला म्हणून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याचं ते पत्रक वाढत वाढत महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं, आणि १९३० साली त्याच वाडीतून 'स्त्री' मासिक निघालं. एका माळरानावरच्या कारखान्याने आपल्या बायकांना लिहिण्या-वाचण्याची जागा दिली. हे सगळं पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ साली स्थापन व्हायच्या कितीतरी आधी. वर्गातल्या मुलांना सांग, आपल्या जिल्ह्यात हे काम शंभर वर्षांपूर्वी झालंय, आणि उत्तम झालंय. एखाद्या रविवारी जुने अंक बघायला मिळाले तर बघ. माल विकायचा असूनही वाचणाऱ्याला शहाणं करून सोडायचं, ही त्यातली वृत्ती तुला कुठल्या कोर्समध्ये मिळणार नाही.

दुसरं अवघड आहे, आणि गोड करून सांगणार नाही. प्लांटवर बाई म्हणून मला सुरुवातीला चहा सांगायला लावला गेला आहे. उपाय एकच होता, प्लांट समजून घेणं. मी शिफ्ट सुपरवायझरांच्या मागे फिरून प्रत्येक लाइनवर काय होतं ते वहीत उतरवलं. पत्रकाराचा प्रश्न आला की इंजिनिअरला न विचारता निम्मं उत्तर मला देता यायला लागलं, त्या दिवसापासून चहा थांबला. आणि बाई असण्याचं बळही होतं, ते विसरू नकोस. त्या रात्रीच्या वासाबद्दल गावातल्या पुरुषांनी सरपंचाच्या ओसरीवर कधी चकार शब्द काढला नव्हता, कारण निम्म्यांची पोरं कंपनीत कंत्राटी कामाला होती. मला सांगितलं ते बायकांनी, स्वयंपाकघरात.

घरचं म्हणशील तर लग्नाआधी मी यजमानांना वस्तीतल्या अभ्यासिकेवर घेऊन गेले होते. बोलून समजावलं नाही, नेलं. तिथे ते मुलांना गणित शिकवत बसले आणि मला कळलं की जमेल. तूही स्थळ आलं की एक रविवार सांगलीवाडीत बोलव. रात्रीच्या फोनचंही ठरवून घेता येतं. अपघात, आग, संप, पूर यांना रात्री कधीही फोन घ्यायचा, बाकी सगळं सकाळी नऊनंतर. हे मी पत्रकारांना पहिल्या भेटीतच सांगायची आणि त्यांनी ते पाळलं, कारण खऱ्या संकटात माझा फोन कधी बंद नसे. वार्ताहर भाऊंनी सांगितलेलं चार वाजताचं तेवढं तू पाळ.

वाळवेकरांनी लिहिलेलं मे-जूनचं मुलाखतीतच विचार: सीएसआर समितीची बैठक वर्षातून कधी होते, आणि गावाला विचारायला कोण जातं? कारखान्यातून बाहेर काय पडतं, सांडपाणी कुठे जातं, हेही विचार. अन्नप्रक्रियेत पाण्याचा प्रश्न असतोच. ते मोकळेपणाने सांगतायत की विषय बदलतायत, यावरून तुला पुष्कळ कळेल.

आणि माझा पहिला प्रश्न राहिलाच. नेमणूकपत्रात तुझा वरिष्ठ कोण लिहिलाय ते इथे कळव. प्लांटचे प्रमुख किंवा स्वतः एमडी असतील तर सही करून टाक. मार्केटिंगचा मॅनेजर असेल तर सही करायच्या आधी मला गाठ. ते कसं बदलून घ्यायचं यावर आपण समोरासमोर बसून बोलू.